क्लीट सोडली, सायकल नाही



एरवी मी रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशा विषयांवर लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे, सायकलच्या पेडलचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात एक मोडलेलं हाड आहे, एक डॉक्टरने केलेली चूक आहे आणि ती चूक तुम्ही करू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हल्ली चाळिशी-पन्नाशीत सायकलकडे वळणारे पुष्कळ झाले आहेत. माझे कितीतरी पेशंट वजन किंवा साखर आटोक्यात ठेवण्यासाठी सायकल घेतात. त्यातले काही थोड्या दिवसांनी डांबरी रस्ता सोडून टेकडीवर, मातीच्या वाटांवर जायला लागतात. मग कोणीतरी त्यांना सांगतं, "आता क्लीट लावा, त्याशिवाय मजा नाही." आणि ते मला विचारतात, "मॅडम, लावू का?"

मी स्वतः तीन वर्षं क्लीट वापरली. आता सपाट पेडलं वापरते. म्हणून हे उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

क्लीट म्हणजे काय?

आपल्या साध्या सायकलचं पेडल सपाट असतं. पाय ठेवला की बसला, उचलला की निघाला. शर्यतीच्या सायकलींना पूर्वी पेडलवर एक पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा, त्यात चवडा अडकवायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. पुढे १९८४ मध्ये लुक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बुटांची पकड वापरून नवं पेडल आणलं. बुटाच्या तळाला एक छोटा तुकडा बसवायचा, तीच क्लीट. ती पेडलमध्ये 'टक्' आवाज करून अडकते. पिंजरा गेला, म्हणून या पेडलला 'क्लिपलेस' नाव पडलं. म्हणजे नाव 'बिनक्लिपचं' आणि पाय मात्र घट्ट अडकलेला! १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने अशाच पेडलवर जिंकली आणि ही पद्धत सगळीकडे पोचली. १९९० मध्ये शिमानोने डोंगरातल्या सायकलींसाठी छोट्या क्लीटचं एसपीडी पेडल आणलं. चिखलात चालता यावं म्हणून यात क्लीट बुटाच्या तळात आत दडलेली असते.

या पेडलमधून पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. पाय सरळ वर उचलला तर सुटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली.

मी पडले तेव्हा वेग शून्य होता

रविवारची सकाळ, वेताळ टेकडी. पावसाळा नुकताच संपला होता. एक छोटा चढ आहे, खाली मुरूम आणि मध्येमध्ये काळ्या दगडाच्या पायऱ्यांसारख्या कडा. हा चढ मी आधी दहा-बारा वेळा चढले होते. त्या दिवशी पुढचं चाक एका कडेला अडलं, सायकल थांबली आणि उजवीकडे कलली.

अशा वेळी माणूस काय करतो? पाय खाली टेकवतो. लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकलो तेव्हापासून शरीराला हेच ठाऊक आहे. मीही पाय उचलला, सरळ वर. टाच फिरवायची हे मला माहीत होतं, शेकडो वेळा केलंही होतं. पण घाबरलेला मेंदू नवी शिकवण विसरतो आणि जुनीच आज्ञा देतो. पाय निघाला नाही. मी सायकलसकट, झाड तोडल्यावर पडावं तशी, आडवी झाले. जाता जाता उजवा हात पुढे केला आणि सगळं वजन तळहातावर आलं.

लोकांना वाटतं की क्लीटचा धोका जोरात जाताना असतो. जोरात पडताना शरीर आणि सायकल एकमेकांपासून पिळवटून वेगळी होतात, त्या पिळात टाच फिरते आणि क्लीट बहुतेक वेळा आपोआप सुटते. जागच्या जागी कलंडताना मात्र पाय आणि पेडल दोन्ही एकाच दिशेने एकत्र पडतात. टाच फिरतच नाही, मग सुटणार कशी? म्हणून चढावर थांबताना, दगडात अडकल्यावर, सिग्नलला उभं राहताना अशी हास्यास्पद वाटणारी पडणी होतात. आणि वय वाढलेल्या हाडांना शून्य वेगाची पडणीही पुरते.

तपकिरीचा खड्डा

आता माझी चूक.

मनगट सुजलं नाही फारसं. बोटं हलत होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याशेजारी एक्स-रे काढला, स्वतःच पाहिला, काही दिसलं नाही. "मुका मार आहे," असं म्हणून क्रेप बँडेज बांधलं आणि ओपीडी सुरू केली. पेशंटचं पोट तपासताना दुखायचं, बाटलीचं झाकण उघडताना दुखायचं, स्टेथोस्कोप धरताना नाही. मग मी सोयीस्करपणे 'नाही'वालं लक्षात ठेवलं.

सोळा दिवसांनी आमच्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर एका पेशंटबद्दल बोलायला आले होते. मी डाव्या हाताने लिहितेय हे पाहून त्यांनी माझा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि एकाच ठिकाणी बोट दाबलं. मी ओरडलेच.

ते ठिकाण तुम्हीही आत्ता पाहा. अंगठा ताणून वर करा, 'झकास' दाखवतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या उठून दिसतील आणि त्यांच्यामध्ये एक खड्डा पडेल. डॉक्टरी पुस्तकांत या खड्ड्याला तपकिरीच्या डबीचं नाव आहे, कारण जुन्या काळी लोक चिमूटभर तपकीर तिथे ठेवून ओढायचे. आपल्यापैकी ज्यांच्या घरात तपकीर ओढणारी आजी होती, त्यांना हे सांगायला नको.

या खड्ड्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. आकार साधारण काजूएवढा आणि काजूसारखाच वाकडा. पसरलेल्या तळहातावर पडलं की दाब नेमका याच्या कमरेवर येतो. हे फ्रॅक्चर दोन कारणांनी फसवं आहे.

पहिलं, भेग बारीक असेल तर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढला की दिसू शकते. एमआरआयमध्ये लवकर दिसते.

दुसरं, या हाडाला होणारा रक्तपुरवठा उलटा आहे. बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि मागे, कोपराच्या दिशेने जातं. हाड मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो, आणि काही वर्षांनी मनगटाचा संधिवात होतो. हाताला आधार मिळायला जितका उशीर, तितका हा धोका वाढतो.

नियम म्हणूनच सोपा आहे. हातावर पडल्यानंतर या खड्ड्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी मनगटाला आधार द्यायचा आणि तपासणी पुन्हा करायची. हा नियम मला पाठ होता. माझ्याच पेशंटला मी तो कितीदा सांगितला आहे! त्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या पेशंटला असं सोळा दिवस फिरू दिलं असतंत का?" मला उत्तर नव्हतं.

एमआरआयमध्ये भेग दिसली. तुकडे सरकले नव्हते, हे माझं नशीब. आठ आठवडे प्लास्टर, नंतर सीटी करून हाड जुळल्याची खात्री आणि मग व्यायाम. आठ आठवडे मला स्वतःची वेणी घालता आली नाही, पोळी लाटता आली नाही, पेशंटची नाडी डाव्या हाताने पाहिली. सगळ्यात वाईट होती ती रात्रीची चिंता, हाड जुळलं नाही तर? हातावर पोट असणं म्हणजे काय, हे त्या दोन महिन्यांत नीट कळलं.

काठी न घेणारे आजोबा

हाड जुळलं, पण भीती गेली नाही. सायकल गॅलरीत उभी होती. क्लीटचे बूट पाहिले की पोटात गोळा यायचा. मुलगा म्हणाला, "आई, साधी पेडलं लाव की." ग्रुपमधल्या एकानेही तेच सुचवलं. मला राग आला. खरं सांगते, ते मला पायरी उतरल्यासारखं वाटलं. तीन वर्षांनी पुन्हा नवशिक्यासारखी साधी पेडलं? लोक काय म्हणतील?

त्याच आठवड्यात ओपीडीत एक आजोबा आले. दोनदा पडलेले. मी त्यांना सहा महिन्यांपासून काठी घ्या म्हणून सांगत होते. ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "काठी घेतली की म्हातारा झालो असं लोक म्हणतात." मी नेहमीचं उत्तर देणार होते, "आजोबा, काठीमुळे माणूस म्हातारा होत नाही, पडून खुबा मोडला की होतो." वाक्य अर्ध्यावर आलं आणि माझं मलाच हसू आलं. आजोबांना कारण कळलं नाही. संध्याकाळी जाऊन मी सपाट पेडलं घेऊन आले. (आजोबांनी काठी पुढच्या महिन्यात घेतली, त्याचं श्रेय त्यांच्या नातीला.)

सपाट पेडल म्हणजे शाळेतल्या सायकलचं पेडल नव्हे

माउंटन बाइकचं सपाट पेडल रुंद असतं आणि त्यावर बारीक खिळे असतात. ते बुटाच्या रबरी तळात रुततात. बूटही त्यासाठी वेगळे मिळतात, सपाट तळाचे, मऊ चिकट रबराचे, मध्ये थोडे ताठ. धावण्याचे बूट इथे चालत नाहीत. त्यांचा तळ फार मऊ आणि जाड असतो, पाय पेडलभोवती दुमडतो आणि तळवा दुखतो.

आणि हे फक्त नवशिक्यांचं साधन नाही. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलवर डाउनहिलचा जगज्जेता झाला आणि २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं त्याने एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हा 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

मला सगळ्यात जास्त काळजी ताकदीची होती. क्लीट असली की पाय वर ओढूनही जोर लावता येतो, असं सगळे सांगतात. प्रयोगशाळेत सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला लावून हे तपासलेलं आहे. २००७ आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा दोन अभ्यासांत असं दिसलं की मुद्दाम वर ओढल्यावर पेडलवरचा जोर जास्त सारखा वाटला जातो, पण तेवढ्याच कामासाठी शरीर जास्त ऊर्जा खर्च करतं. कारण सरळ आहे. मांडीचा पुढचा आणि नितंबाचा स्नायू खाली दाबायला बनलेले मोठे स्नायू आहेत, पाय वर उचलणारे त्यामानाने छोटे. शर्यतीत, जोरदार स्प्रिंटमध्ये क्लीटचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण आपण आरोग्यासाठी टेकडीवर जातो. एक-दोन मिनिटं उशिरा पोचलो तर साखर वाढत नाही.

शरीरात काय फरक पडला?

गुडघ्याचा फरक पहिला. क्लीट एका कोनात बसवलेली असते आणि पाय त्यातून थोडेच अंश इकडेतिकडे फिरतो. कोणाचे पाय चालताना बाहेर वळलेले असतात, कोणाचे सरळ. क्लीटचा कोन तुमच्या पायाच्या ठेवणीशी जुळला नाही, तर तो फरक गुडघ्याला सोसावा लागतो. तासाभरात पेडल चार-पाच हजार वेळा फिरतं. मग गुडघ्याच्या वाटीच्या आसपास दुखायला लागतं. सपाट पेडलवर पाय आपली जागा आपण शोधतो. माझं डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं तीन आठवड्यांत कमी झालं. तुमचं होईलच असं नाही. गुडघेदुखीचं मोठं कारण सीटची उंची असते, ती आधी तपासा.

दुसरा फरक चवड्याचा. क्लीटवर सगळा भार एकाच ठिकाणी येऊन माझी बोटं बधिर व्हायची. आता पाय थोडा पुढे ठेवते, पेडलचा दांडा चवड्याच्या किंचित मागे येतो. त्यामुळे पोटरी आणि टाचेच्या मागच्या शिरेवरचा ताणही कमी होतो.

तिसरा फरक डोक्यातला, आणि तो सगळ्यात मोठा. पाय कधीही टेकता येतो हे ठाऊक असलं की शरीर सैल राहतं. भीतीने ताठलेली माणसं जास्त पडतात. ज्या चढावर मी पडले, तिथे आता मी निम्म्यात थांबते, पाय टेकते, श्वास घेते, पुन्हा निघते. मागच्या महिन्यात न थांबता वर पोचले.

तोटेही सांगते

पाय सटकला तर ते खिळे नडगीवर येतात. नडगीवर मांस नसतं, कातडीखाली थेट हाड. माझ्या उजव्या नडगीवर चार ठिपक्यांची रांग आहे. जखम छोटी दिसली तरी तिच्यात माती असते. साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवा. मातीची जखम असेल आणि पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर डॉक्टरांना भेटून लस घ्या. खोल असेल, कडा उघड्या असतील तर टाके लागू शकतात.

दुसरं, खडबडीत उतारावर पाय पेडलवरून उडतो. त्यासाठी टाच खाली झुकवायची आणि गुडघे सैल ठेवायचे. ही सवय लागायला मला दीड-दोन महिने लागले. त्या काळात पोटऱ्या दुखतात, ते ठीक आहे.

मग तुम्ही काय करावं?

• टेकडीवर नवीन असाल तर सपाट पेडलनेच सुरुवात करा. सोबत नडगीचे पॅड आणि हातमोजे घ्या. हेल्मेट तर हवंच.

• क्लीट वापरत असाल आणि सुखी असाल, तर माझ्यासाठी बदलू नका. पण स्प्रिंगचा ताण सैल ठेवा, क्लीट झिजल्यावर बदला, चिखल साफ करा. थांबायच्या आधीच एक पाय सोडवायची सवय लावा.

• पेडल बदललं की बुटाचा तळ आणि पेडलची जाडी बदलते. सीटची उंची पुन्हा पाहा. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर.

• पन्नाशीच्या पुढच्या आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया, आधी किरकोळ पडून हाड मोडलेली माणसं, बराच काळ स्टिरॉइड घेणारे, यांनी डॉक्टरांशी हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल बोलावं. सायकलने हृदय सुधारतं, पण हाडं फारशी बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणं आणि वजनाचे व्यायाम लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला मार लागल्यावर 'बरं वाटतंय' म्हणून घरी बसू नका.

• हातावर पडलात तर तपकिरीचा खड्डा दाबून पाहा. दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. एक्स-रे नॉर्मल आला आणि दुखणं राहिलं, तर पुन्हा जा. "मुका मार" हे निदान स्वतःचं स्वतः करू नका. मी केलं होतं.

पावसात पायवाट निसरडी असते म्हणून आपण चप्पल बदलतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पेडलचंही तसंच आहे. गेल्या रविवारी टेकडीवर एक बाई भेटल्या, साधारण माझ्याच वयाच्या. माझ्या पेडलकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही पण साधीच लावता? मला वाटलं मलाच जमत नाही." आम्ही दोघी त्या चढाच्या मध्यावर पाय टेकून उभ्या राहिलो, पाणी प्यायलो आणि मग वर गेलो.

काळजी घ्या, सायकल चालवत राहा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचं निदान आणि उपचार तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)